गाय-म्हशींच्या दवाखान्यात कुत्रं-मांजर आलं की

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात पशुवैद्यकाचा हात बसतो तो गाई-म्हशींवर. ऊस आणि दुधाचा मुलूख, त्यामुळं दवाखान्याचं कपाटही त्याच मापाचं: साडेचारशे मि.लि.ची कॅल्शियमची बाटली, १८ नंबरच्या सुया, दहा-वीस मि.लि.च्या सिरिंजा. संध्याकाळी कुणी पोत्यात गुंडाळलेलं पिल्लू किंवा टोपलीतलं मांजर घेऊन आलं की नव्या डॉक्टरची पहिली चूक मापात होते. चारशे किलोच्या म्हशीला औषध अर्धा मि.लि. इकडं-तिकडं झालं तर कुणाला कळतही नाही. तीन किलोच्या मांजराचा तेवढ्यानं जीव जातो.

हा मजकूर अशा मिश्र दवाखान्यात नुकतेच बसायला लागलेल्या डॉक्टरांसाठी आणि त्यांच्या कंपाउंडरांसाठी आहे. यातले डोस नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या हातात राहू देत. जनावराच्या मालकांनी ते वाचून घरी प्रयोग करू नयेत.

टेबलावर आधी काय हवं

वजनकाटा. बाकी सगळं नंतर. मोठ्या कुत्र्यासाठी माणसांचा डिजिटल काटा चालतो: मालकानं कुत्रं उचलून उभं राहायचं, मग त्याचं एकट्याचं वजन वजा करायचं. मांजर आणि पिल्लांना मात्र दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा किराणा दुकानातला काटाच हवा, वर प्लास्टिकचा टब ठेवून. "असेल सात-आठ किलो" हा अंदाज केसाळ पामेरियनच्या बाबतीत हमखास फसतो, भिजवून बघितल्यावर ते चार किलोचं निघतं.

याशिवाय १ मि.लि.ची सिरिंज हवी, पण इन्सुलिनची नको, कारण तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात आणि घाईत घोटाळा होतो. २२ नंबरचे निळे आणि २४ नंबरचे पिवळे कॅन्युला (शिरेत ठेवायच्या प्लास्टिकच्या नळ्या), मायक्रो ड्रिप सेट, ग्लुकोमीटर, काचेच्या स्लाइड, दोन-चार कोरड्या स्वच्छ काचनळ्या, जुने टॉवेल आणि तोंड बांधायला बँडेज ठेवा. ही सगळी खरेदी एका चांगल्या स्टेथोस्कोपपेक्षा स्वस्तात होते.

तपासणीचा क्रम

क्रमाला कारण आहे, म्हणून तो मोडू नका.

आधी लांबूनच बघा. कुत्रं चालत आलं की उचलून आणलं, श्वास पोटानं ओढतंय का, लाळ गळतेय का, जबडा लोंबतोय का. मालक म्हणतो, "घशात हाड अडकलंय बघा," आणि नवा डॉक्टर लगेच तोंडात हात घालतो. या भागात लाळ गळणारं, गिळता न येणारं, आवाज बदललेलं कुत्रं दुसरं काही सिद्ध होईपर्यंत रेबीजचंच समजायचं. लस झाली आहे का, गेल्या काही महिन्यांत भटक्या कुत्र्यानं किंवा कोल्ह्यानं चावा घेतला का, हे विचारल्याशिवाय आणि हातमोजे चढवल्याशिवाय तोंड उघडू नका.

मग माहिती विचारा. इथं समोरचा माणूस मराठी, कन्नड, दख्खनी यांतलं काहीही बोलेल. "एष्ट दिना आत्री?" आणि "नीर कुडितैतेन्री?" एवढे दोन प्रश्न कन्नडमधून विचारता आले तरी अर्धी माहिती मिळते, किती दिवस झाले आणि पाणी पितंय का. "कालपासनं खाईना" हे वाक्य प्रत्येक मालक म्हणतो. शेवटचं पोटभर कधी खाल्लं, असं उलटं विचारलं की कालचे चार दिवस होतात. गावात आधी कुणी इंजेक्शन दिलं का, हेही विचारा. दिलं असेल तर मोकळी बाटली मागवा.

यानंतर वजन, आणि ते कागदावर ठळक लिहा.

मग हिरड्या. बोटानं दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. पांढऱ्याफट हिरड्या म्हणजे रक्त गेलंय किंवा शॉक, पिवळ्या म्हणजे कावीळ, विटकरी-लाल म्हणजे विषार पसरतोय किंवा उष्माघात, तपकिरी किंवा करड्या झाल्या असतील तर विषबाधा आठवा. त्यावर सुकलेली चिकट लाळ असेल तर पाणी कमी झालंय. एवढी माहिती दहा सेकंदांत फुकट मिळते आणि तरी तीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते.

मांडीच्या आतल्या बाजूची नाडी आणि छाती एकत्र तपासा. मोठ्या कुत्र्याचे ठोके मिनिटाला साठ-सत्तर असू शकतात, लहान जातीत १४०पर्यंत. मांजराचे १४० ते २२०. आजारी मांजराचे ठोके शंभरावर आले तर ते शांत झालंय असं समजू नका, ते बुडायला लागलंय.

थर्मामीटर सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर जनावर हात लावू देत नाही. कुत्रा आणि मांजर दोघांचं सर्वसाधारण तापमान १००.५ ते १०२.५ फॅ. माणसाच्या हिशेबानं १०२ म्हणजे ताप, म्हणून मालक घाबरतो. त्याला ते नीट सांगा. उलट ९८ दिसलं की तुम्ही घाबरायला हवं.

एक जाता जाता. आपल्याकडं शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचे करवानी कुत्रे भरपूर येतात. त्यांच्या बरगड्या दिसतातच. तब्येत चांगली असलेल्या करवानीच्या कागदावर 'कुपोषित' लिहून टॉनिक देणारे डॉक्टर आहेत. अंगावर चरबी नसल्यामुळं अशा शिकारी जातींना भूल देताना मात्र जपावं लागतं. थायोपेंटोननं ते तासन्‌तास उठत नाहीत.

कपाटातल्या कुठल्या बाटल्यांपासून सावध

मांजराला पॅरासिटामॉल कधीच नाही. माणसांची ५०० मि.ग्रॅ.ची गोळी तर सोडाच, तिचा छोटा तुकडाही मारक ठरतो, कारण मांजराच्या यकृतात ते औषध निकामी करायची सोय जवळपास नाही. काही तासांत हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. उतारा म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीन, पहिला डोस किलोमागे १४० मि.ग्रॅ., मग दर सहा तासांनी ७०.

गोचिडांसाठी गोठ्यात वापरतात ती डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, परमेथ्रिनची औषधं मांजराला लावली की थरथर आणि झटके येतात. मालक स्वतःहून सांगत नाही. केसांना वास घेऊन बघा. झटके थांबवून मग कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणानं अंग धुवा. गरम पाण्यानं त्वचेतून शोषण वाढतं, फार गार पाण्यानं अंग थंड पडून थरथर वाढते.

डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, ते गिधाडांमुळं. पण माणसांचं इंजेक्शन अजून सहज मिळतं आणि लंगडणाऱ्या कुत्र्याला टोचलंही जातं. परिणाम काळ्या संडासात आणि निकामी मूत्रपिंडात दिसतो. मेलॉक्सिकॅम कुत्र्याला पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मि.ग्रॅ., पुढं ०.१. म्हणजे ५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. असलेली बाटली आणि दहा किलोचं कुत्रं असेल तर ०.४ मि.लि. उलट्या-जुलाब होऊन सुकलेल्या जनावराला तेही देऊ नका, आधी पाणी भरून काढा.

आयव्हरमेक्टिनची एक टक्क्याची बाटली म्हणजे १० मि.ग्रॅ. प्रति मि.लि. पाच किलोच्या पिल्लाला किलोमागे ०.२ मि.ग्रॅ. द्यायचं तर ते एक दशांश मि.लि. होतं. मोठ्या सिरिंजमध्ये तो मोजता येत नाही, सुईच्या बुडातच त्याच्या आसपास औषध राहतं. कोली जातीचं रक्त असेल तर आयव्हरमेक्टिन टाळाच.

आणि कॅल्शियम. व्यालेली छोटी कुत्री थरथरत आली की हात आपोआप त्या साडेचारशे मि.लि.च्या बाटलीकडं जातो. त्यात अनेकदा मॅग्नेशियम आणि फॉस्फरसही असतं. माणसांचं १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट घ्या, किलोमागे ०.५ ते १.५ मि.लि., दहा-पंधरा मिनिटं लावून शिरेतून, आणि दुसऱ्या हाताचा स्टेथोस्कोप छातीवरून हलू देऊ नका. ठोके मंदावले की थांबा.

शीर धरणं आणि पाणी मोजणं

सुकलेल्या पिल्लाची शीर मिळत नाही ही सगळ्यांची तक्रार. घाई केली की खरंच मिळत नाही.

पुढच्या पायाचा वरचा भाग कोपरापासून मनगटापर्यंत चांगला रुंद भादरा. स्पिरिटनं केस ओले करून भागत नाही, चिकटपट्टी धरत नाही. मदतनीसानं पिल्लू छातीशी धरून एका हातानं कोपर मागून पुढं ढकलायचा आणि अंगठ्यानं शीर दाबून किंचित बाहेरच्या बाजूला फिरवायची. पाय गार असेल तर कोमट पाण्याची पिशवी मिनिटभर धरा. तुम्ही डाव्या हाताच्या अंगठ्यानं कातडी खालच्या बाजूला ताणा, म्हणजे शीर सरकणार नाही. शीर मनगटाच्या जवळूनच सुरू करा. तिथं फसली तर वर जागा उरते, वर फसली तर खाली सोडलेलं औषध त्याच भोकातून बाहेर येतं.

२४ नंबरचा कॅन्युला, टोकाची तिरकी बाजू वर, पंधरा-वीस अंशांत. सुकलेली कातडी चिवट असते आणि कॅन्युलाचं प्लास्टिक तिथं चुरगळतं, म्हणून आधी साध्या सुईच्या टोकानं कातडीला इवलंसं छिद्र पाडून घ्या. मागच्या कोठीत रक्त दिसलं की थांबा, सुई आडवी करा, अजून एक-दोन मि.मी. आत जा आणि मगच प्लास्टिक पुढं सरकवा. रक्त दिसताक्षणी प्लास्टिक ढकललं तर ते शिरेच्या बाहेरच राहतं, कारण सुईचं टोक प्लास्टिकच्या पुढं असतं. एक मि.लि. सलाईन सोडून बघा, फुगलं तर काढा. पट्टी पायाभोवती गुंडाळताना बोट आत जाईल इतकी सैल. संध्याकाळी पंजा सुजलेला दिसला तर पट्टी घट्ट होती.

शॉक असेल तर कुत्र्याला किलोमागे १५ ते २० मि.लि. रिंगर लॅक्टेट पंधरा-वीस मिनिटांत द्या आणि पुन्हा हिरड्या बघा. मांजराला ५ ते १० मि.लि.च. मांजराची फुप्फुसं लवकर भरतात.

त्यानंतरचा हिशेब असा. सहा किलोचं पिल्लू, आठ टक्के सुकलेलं. तूट म्हणजे ६ × ८ × १० = ४८० मि.लि. रोजची गरज वाढत्या पिल्लाला किलोमागे साधारण ८० धरा, आणखी ४८०. उलटी-जुलाबातून जाईल ते अंदाजे २४०. एकूण १,२०० मि.लि. दिवसाला, म्हणजे तासाला ५०. मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा एक मि.लि. होतो, त्यामुळं तासाला जितके मि.लि. तितकेच मिनिटाला थेंब, इथं ५०. साध्या सेटमध्ये २० थेंबांचा मि.लि. असेल तर मिनिटाला १७. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो वाचा.

चार-पाच दिवस न खाल्लेल्या पिल्लाचं पोटॅशियम उतरतं आणि पिल्लू मान टाकतं. १५ टक्क्यांच्या पोटॅशियम क्लोराईडच्या १० मि.लि. ॲम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतात. ५०० मि.लि.च्या बाटलीत ५ मि.लि. घाला, बाटली उलटसुलट करून मिसळा आणि बाटलीवर पेननं लिहा. ते शिरेत थेट कधीच नाही. पोटॅशियम घातलेली बाटली वेगानंही सोडायची नाही. शॉकसाठी वेगळी साधी बाटली लावा.

दवाखाना रात्री बंद होतो, चोवीस तास ड्रिप बहुतेकांना जमत नाही. तेव्हा तुटीचा मोठा भाग दिवसा भरून काढा, आणि जाताना कातडीखाली एका जागी किलोमागे १० ते २० मि.लि. कोमट रिंगर लॅक्टेट द्या. पाच टक्के डेक्स्ट्रोज कातडीखाली नको, ते उलट शरीरातलं मीठ-पाणी तिथं ओढून घेतं.

पार्व्हो

हा पिल्लांच्या आतड्याचा विषाणूजन्य आजार. दोन ते सहा महिन्यांचं, लस न झालेलं पिल्लू, उलट्या आणि विशिष्ट कुबट वासाचे रक्ताचे जुलाब. चाचणीचं किट लावा, पण आंधळा विश्वास नको. अगदी सुरुवातीला किंवा आठवड्यानंतर किट खोटं 'नाही' म्हणतं, आणि नुकतीच लस दिलेल्या पिल्लात पुसट रेघ येऊ शकते.

पहिल्या तासात पाणी आणि साखर. ग्लुकोमीटर ६०च्या खाली असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे १ ते २ मि.लि., तेवढंच सलाईन मिसळून, पाच मिनिटांत. उलटीसाठी मॅरोपिटंट किलोमागे १ मि.ग्रॅ. दिवसातून एकदा. मेटोक्लोप्रामाइडच्या आधी पोट चाचपून घ्या, आतडं आतड्यात शिरलं असेल तर ते घातक. लांबुळका घट्ट गोळा हाताला लागतो, आणि तो रोज शोधायचा, पहिल्या दिवशी नसतो आणि तिसऱ्या दिवशी असतो. आतड्याचं अस्तर गेल्यामुळं जंतू रक्तात शिरतात, पांढऱ्या पेशीही उतरलेल्या असतात, म्हणून प्रतिजैविक शिरेतून.

'उलटी थांबेपर्यंत उपाशी ठेवा' ही जुनी रीत सोडा. उलटी आटोक्यात आली की बारा तासांच्या आत नाकातल्या नळीनं किंवा सिरिंजनं किलोमागे एक-दोन मि.लि. पातळ अन्न दर दोन-तीन तासांनी सुरू करा. आतड्याला खाऊ घातलं तरच ते भरून येतं.

फिनाईलनं पार्व्होचा विषाणू मरत नाही. आधी घाण साबणानं धुवून काढा, मग चार-पाच टक्क्यांचं ब्लीच एकास तीस पाण्यात, दहा मिनिटं ओलं राहू द्या. हे टेबल, फरशी, वजनकाटा आणि तुमच्या चपला यांनाही लागू. लस घ्यायला आलेलं निरोगी पिल्लू त्याच बाकड्यावर बसणार असतं.

गोचीडताप आणि पावसाळ्यातली स्लाइड

ताप, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त किंवा पोटावर लाल ठिपके, आणि कानात तपकिरी गोचिडं. या भागात वर्षभर चालणारा आजार, पावसाळ्याच्या तोंडाला जास्त.

कानाच्या पाळीची कड भादरून सुईनं टोचा. पहिलाच थेंब घ्या, बॅबेसिया (गोचिडांतून येणारा रक्तातला परजीवी) असलेल्या पेशी बारीक केशवाहिन्यांत जास्त अडकतात. पातळ फिल्म ओढा, टोकाला पिसासारखी विरळ कड यायला हवी. लीशमन रंगाचे आठ-दहा थेंब दोन मिनिटं, त्यावर दुप्पट बफर घालून दहा मिनिटं, मग धुवा.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात स्लाइड सुकतच नाही, आणि हळू सुकलेल्या स्लाइडवर लाल पेशींत चमकणारे ठिपके दिसतात. नवखा त्यालाच बॅबेसिया म्हणतो. फिल्म ओढताक्षणी स्लाइड जोरात हलवा किंवा पंख्याखाली धरा. फोकस वर-खाली केला की चमकतो तो ठिपका पाण्याचा, परजीवी चमकत नाही. लीशमनच्या बाटलीला ओला ड्रॉपर लावला तरी हाच प्रकार होतो.

स्लाइड स्वच्छ निघाली तरी आजार नाही असं होत नाही. त्याच स्लाइडवर प्लेटलेट मोजा: ऑइल लेन्सच्या एका क्षेत्रात दहाच्या वर असतील तर ठीक, तीन-चार असतील तर मानेच्या शिरेतून रक्त काढू नका आणि टोचलेली जागा पाच मिनिटं दाबून ठेवा.

एर्लिकियाला (गोचिडांतूनच येणारा जिवाणू) डॉक्सिसायक्लिन किलोमागे १० मि.ग्रॅ. रोज, २८ दिवस, जेवणानंतर. चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारतं आणि मालक गोळ्या बंद करतो. ते त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. मोठ्या बॅबेसियाला इमिडोकार्ब किलोमागे ६.६ मि.ग्रॅ. स्नायूत, चौदा दिवसांनी पुन्हा, आणि आधी ॲट्रोपिन. छोट्या बॅबेसियाला, म्हणजे गिब्सोनीला, ते पुरत नाही. तिथं ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिनची जोडी दहा दिवस. गाईंसाठी ठेवलेलं डिमिनॅझीन वापरायची वेळ आलीच तर किलोमागे ३.५ मि.ग्रॅ.च्या वर जायचं नाही. कुत्र्यात उपचार आणि विषबाधा यांतलं अंतर फार थोडं आहे, जास्त झालं की डोकं वाकडं, झटके आणि मृत्यू.

शेतातली विषं

उसात टाकायचं दाणेदार कीटकनाशक, गावात सगळ्यालाच थिमेट म्हणतात, ते कुत्र्याच्या पोटात गेलं की लाळ, पाण्यासारखे जुलाब, लघवी सुटणं, बाहुल्या टाचणीएवढ्या, अंगावर स्नायूंची फडफड. बाहुल्या बारीक आणि ठोके मंद असतील तर शंका उरत नाही, पण ठोके जलद असले म्हणून हे विष नाही असंही ठरवू नका.

हिरड्या निळ्या असतील तर आधी प्राणवायू. मग ॲट्रोपिन किलोमागे ०.२ मि.ग्रॅ. बारा किलोच्या कुत्र्याला २.४ मि.ग्रॅ., म्हणजे ०.६च्या चार ॲम्प्यूल. एक शिरेत, तीन कातडीखाली. अर्ध्या तासानं छाती ऐका, घरघर आणि लाळ कमी होईपर्यंत पुन्हा द्यायचं. बाहुली मोठी होण्याची वाट बघू नका, ती मोजपट्टी नाही. ॲट्रोपिननं फडफड थांबत नाही, तिला प्रॅलिडॉक्सिम लागतं, किलोमागे २० मि.ग्रॅ., आणि तेही लवकर. अंगावर औषध सांडलं असेल तर साबणानं धुवा, तुमचे हातमोजे असू देत. घरून मिठाचं पाणी पाजून आणलं असेल तर रक्तातलं सोडियम चढण्याचा नवा प्रश्न होतो. थरथर सुरू झालेल्या कुत्र्याला उलटी करवायची नाही.

निपाणी भागात तंबाखूची भुकटी खाल्लेली पिल्लं येतात. लक्षणं तासाभराच्या आत: लाळ, उलटी, उत्तेजना, मग झटके किंवा ढिलेपण. इथं पोटातलं आम्ल मारणारी औषधं देऊ नका, आम्लामुळंच निकोटीन कमी शोषलं जातं.

साप. कुत्रं हुंगायला जातं म्हणून चावा बहुधा नाकाड्यावर किंवा पुढच्या पायावर. वाढत जाणारी दुखरी सूज आणि न थांबणारं रक्त असेल तर घोणस. सूज थोडी, पापण्या पडलेल्या, मागचे पाय ढिले, श्वास उथळ, तर नाग किंवा मण्यार. कोरड्या काचनळीत २ मि.लि. ताजं रक्त घालून वीस मिनिटं हलवू नका, मग तिरपी करा. ओघळलं तर रक्त गोठत नाही, म्हणजे विषारच. नळी प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली असली तर चाचणी खोटी येते.

सर्पदंशावरची लस (अँटिव्हेनम) नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर. डोस वजनावर नाही, कारण सापानं सोडलेलं विष कुत्र्याच्या आकाराप्रमाणं कमी होत नाही. कुपी १० मि.लि. पाण्यात गोल फिरवत विरघळवा, झटकली तर फेस होतो. सलाईनमध्ये मिसळून पहिली दहा मिनिटं अगदी हळू. ॲड्रेनॅलिन आधीच भरून ठेवा: दहा किलोला ०.१ मि.लि. स्नायूत. चोर्ला-कणकुंबीच्या जंगलातल्या हिरव्या-तपकिरी चापड्यांवर ही लस चालत नाही, तिथं वेदनाशामक, सलाईन आणि लक्ष. नागाच्या चाव्यात कुत्रं मरतं ते श्वास बंद पडून. नळी घालून पिशवीनं श्वास देत राहिलात तर काही तासांनी ते स्वतः श्वास घ्यायला लागू शकतं.

बोका लघवीला बसतो आणि होत नाही

मालक सांगतो, "संडास होईना." खरं कारण बहुधा मूत्रमार्गात अडकलेला खडा किंवा चिकट बूच. पोटात लिंबाएवढा कडक गोळा लागला तर ती मूत्राशयाची पिशवी. ती दाबून लघवी काढायला जाऊ नका, फुटते.

ठोके १२०च्या खाली असतील तर पोटॅशियम चढलेलं आहे, आणि ते हृदय थांबवतं. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट किलोमागे ०.५ ते १ मि.लि. दहा मिनिटांत, मग सलाईन. भूल नंतर. झायलॅझिन नको, आणि केटामाइन मांजराच्या लघवीवाटेच बाहेर पडतं, म्हणून तेही नको. ३.५ फ्रेंच मापाचा कॅथेटर (लघवी काढायची नळी) जेली लावून, लिंग मागच्या बाजूला ओढून मार्ग सरळ करत, सलाईन सोडत सोडत. जोर लावला की मूत्रमार्ग फाटतो. मोकळं झाल्यावर पुढचा दीड दिवस लघवी भरमसाट होते, तेवढं पाणी परत द्या, नाहीतर सुटलेला बोका सुकून जातो.

लस, फ्रिज आणि तुमचा स्वतःचा हात

पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. शेवटचा डोस महत्त्वाचा, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं आधीचे डोस निकामी करतात. रेबीज तीन महिन्यांना. भातशेती आणि साचलेल्या पाण्याच्या खानापूर भागात लेप्टोस्पायरा या जिवाणूवरच्या लसीचे दोन डोस टाळू नका. त्याचा आजार माणसालाही होतो, पिवळ्या हिरड्यांच्या कुत्र्याची लघवी उघड्या हातानं पुसू नका.

लस २ ते ८ अंशांत, मधल्या फळीवर. दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको, गोठलेली रेबीजची लस फेकायचीच असते. पावसात करंट गेला की फ्रिज उघडू नका. आतला थर्मामीटर सकाळ-संध्याकाळ वाचून वहीत लिहा. लस दिल्यावर वीस मिनिटं मालकाला बाकड्यावर बसवा.

तुमची आणि कंपाउंडरची रेबीजची लस कामाला लागायच्या आधी: ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी. चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. आधी लस पूर्ण झालेल्याला ० आणि ३ या दोन दिवशी डोस, इतरांना पूर्ण मालिका आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं). हळद, चुना, टाके यांतलं काही लगेच नको.

चिठ्ठी

घरी पाठवताना चिठ्ठीवर वजन, दिलेल्या औषधाचं नाव, मि.लि. आणि वेळ लिहा. रात्री बिघडलं तर मालक कोल्हापूर, मिरज किंवा हुबळीकडं धावतो, आणि तिथल्या डॉक्टरला हा कागदच कामाला येतो. गोळीचा अर्धा किंवा पाव तुकडा द्यायचा असेल तर तो तिथंच कापून दाखवा. मांजराला डॉक्सिसायक्लिन दिलं की लगेच सिरिंजनं पाच-सहा मि.लि. पाणी पाजायला सांगा, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथं व्रण होतो. आणि मालकाकडून तीन गोष्टी परत म्हणवून घ्या: किती वाजता, किती दिवस, काय दिसलं की वाट न बघता यायचं. कन्नड बोलणाऱ्या अक्कांच्या चिठ्ठीवर सूर्य-चंद्राचं चित्र काढलं तरी चालतं.